केमिकलनंतर सायन्स आणि बिझनेस एकत्र असलेली डिग्री करावी का?

रिॲक्टर_ठाणे:
भाचा माटुंग्याला केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, विचारतोय मामा एमटेक करू, एमबीए करू की दोन्ही एकत्र असलेलं काहीतरी. मी बिनधास्त सांगितलं, एकत्र. कारण मी स्वतः पोळलोय. तळोज्याच्या प्लांटमध्ये एका स्टेपला टोल्युइन हे सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) काढून टीएचएफ हे दुसरं सॉल्व्हंट आणलं, सहा महिने घासली, यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, मस्त वाढलं, आणि मीटिंगमध्ये एकच प्रश्न आला, किलोमागे किती पडणार? टीएचएफ पाण्यात मिसळतं, पाण्याबरोबर अझिओट्रोप करतं (दोन्ही एकत्रच उकळतात, साध्या डिस्टिलेशनने पूर्ण वेगळे होत नाहीत), म्हणजे परत वापरायचं तर सुकवायचा खर्च वेगळा, टोल्युइनचा थर निदान पाण्यापासून आपोआप वेगळा होतो. हे सगळं माहीत होतं हो मला, रुपयांत मांडता आलं नाही. प्रोजेक्ट बंद. अमेरिकेत १९९७ पासून स्लोन फाउंडेशनच्या पैशातून प्रोफेशनल सायन्स मास्टर्स उभे राहिले ते याच कारणाने, थिसिसऐवजी इंटर्नशिप आणि सायन्सच्या जोडीला बिझनेसचे विषय.

शिफ्ट_बी_डोंबिवली:
दादा राग मानू नका, पण तुमचा किस्सा तुमच्याच विरुद्ध जातो. सॉल्व्हंट रिकव्हरीचं (वापरलेलं सॉल्व्हंट परत मिळवण्याचं) कॉस्टिंग एमबीएत नाही, केमिकल इंजिनियरिंगच्याच प्रोसेस इकॉनॉमिक्समध्ये येतं. आपण तो पेपर पास होण्यापुरता वाचला ही आपली चूक, त्यावर लाखोंची डिग्री हा उपाय नाही. आणि बावीस वर्षांचा पोरगा ज्याने एकदाही बॅच बिघडताना पाहिली नाही तो वर्गात बसून ऑपरेशन्स काय शिकणार? माझ्या कॉलेजच्या बॅचचे असे दोघं आज सेल्समध्ये आहेत, चांगलं कमावतात, पण रिॲक्टरजवळ परत फिरकले नाहीत. धड इकडचे नाही धड तिकडचे नाही. बारावीनंतर लगेच पाच वर्षांचं एमबीए टेक (बीटेक आणि एमबीए एकत्र) घेणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलांची तर मला काळजीच वाटते.

कांजूर_ताई:
मी पवईच्या नीटीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडस्ट्रियल इंजिनियरिंग) शिकले, १९६३ ची संस्था, २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथे इंडस्ट्रियल इंजिनियरिंग आणि मॅनेजमेंट पहिल्यापासून एकत्रच, त्यामुळे ही कल्पना मुंबईला नवी नाही. पण डोंबिवलीच्या दादांचं एक पटतं. वर्गात जे दोन-तीन वर्षं शॉप फ्लोअरवर काढून आले होते त्यांचे प्रश्नच वेगळे असायचे. आम्हा फ्रेशर्सना इन्व्हेंटरी म्हणजे फॉर्म्युला, त्यांना गोडाऊनमध्ये अडकलेला पैसा दिसायचा.

रिॲक्टर_ठाणे:
पेपर वरवर वाचला हे खरं. पण कॉस्टिंग म्हणजे फक्त आकडा नाही ना, समोर फायनान्सवाला, परचेसवाला बसलेत, त्यांच्या भाषेत बोलायला कोण शिकवतं? एमआयटीचा कोर्स बघा, १९८८ ला लीडर्स फॉर मॅन्युफॅक्चरिंग नावाने सुरू झाला, दोन वर्षांत इंजिनियरिंगची मास्टर्स आणि एमबीए दोन्ही, मधे सहा महिने कंपनीत खरा प्रोजेक्ट.

शिफ्ट_बी_डोंबिवली:
आणि तिथे कामाचा अनुभव असलेली माणसं घेतात! तेच म्हणतोय मी. भाच्याला आधी दोन वर्षं प्लांटला पाठवा, नाइट शिफ्ट करू दे, मग हवी ती डिग्री घेऊ दे.

रिॲक्टर_ठाणे:
दोन वर्षांनी परत शिकायला किती जण जातात हो? मीही तेच ठरवलं होतं. मग घराचा हप्ता, मग मुलगी, अकरा वर्षं झाली.

शिफ्ट_बी_डोंबिवली:
मुंबई विद्यापीठाचे तीन वर्षांचे संध्याकाळचे मॅनेजमेंट कोर्स आहेत की, नोकरी सांभाळून.

रिॲक्टर_ठाणे:
जनरल शिफ्ट साडेपाचला सुटते. तळोज्याहून चर्चगेटला लेक्चरच्या वेळेत पोचून दाखवा, उद्या ॲडमिशन घेतो.

कांजूर_ताई:
भाचा स्वतः काय म्हणतोय? त्याला लॅब आवडते का, हे कुणी विचारलंय?