मदत हवी आहे : लग्नाचे फोटो त्याच रात्री मागतात, कॅमेरा बदलू का?

रामबागवाला
इंदूरला वडिलांपासूनचा स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइझवर दुकानाचं भाडं निघायचं. आता पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथेच काढतात, बाकी लोक मोबाइलवर भागवतात. उरली लग्नं. देवउठनी ग्यारसनंतरच्या एका लग्नाची मंडळी म्हणतात, पाहुण्याने सेल्फी टाकली की त्याचे सगळे फोटो त्याच रात्री त्याला मिळाले पाहिजेत. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा, घ्यावाच लागेल का? की सॉफ्टवेअरने भागेल? परवा होकार द्यायचाय, लवकर सांगा.

जेलरोड
सध्या कॅमेरा कोणता? लेन्स? बजेट? काहीच न सांगता काय सांगणार, दादा?

उजेडयात्री
घेऊन टाका. वरातीत नाचणाऱ्या माणसाच्याही डोळ्यावर फोकस धरून ठेवतो. मी २०१८ चा सोनी ए-सेव्हन थ्री वापरतो, जुन्या आरशाच्या डीएसएलआरकडे परत बघितलं नाही.

ग्वाल्हेरचे अण्णा
इंदूरकरांनी तरी यंत्राला घाबरू नये. राजा दीनदयाळ इंदूरलाच बांधकाम खात्यात नक्शे काढायच्या नोकरीत होते, १८७४ च्या सुमारास तिथेच कॅमेरा हाती घेतला. काचेच्या प्लेटांवर काम, आणि पुढे निजामाचे फोटोग्राफर झाले.

जेलरोड
अण्णा, छान माहिती, पण यांना परवा उत्तर द्यायचंय.

रामबागवाला
निकॉन डी-७५०, डीएसएलआर, दोन. लेन्स २४-७० मिमी आणि वडिलांची ८५ मिमीची जुनी डी लेन्स. तीच सगळ्यात लाडकी.

लेन्सवेडी
मग थांबा. डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर ती फिरवते. निकॉनच्या मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टरने (जुन्या लेन्स जोडायची कडी) ती बसेल, पण फोकस हातानेच करावा लागेल. २४-७० एएफ-एस, म्हणजे आत मोटर असलेली, असेल तर चालेल. शिवाय हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली सायलेंट (बिनआवाजी इलेक्ट्रॉनिक) शटर वापरलं तर फोटोवर पट्टे येतात, हे कुणी आधी सांगत नाही.

जेलरोड
कॅमेरा नकोच. डी-७५० मध्ये दोन मेमरी कार्डं बसतात. पहिल्यात रॉ (कच्ची, मोठी फाइल), दुसऱ्यात जेपेग (छोटी, लगेच पाठवता येणारी) लावा. सीमांतपूजन झालं की दुसरं कार्ड काढून लॅपटॉपवाल्या पोराकडे द्या आणि नवं टाका. तो अपलोड करत बसेल, तुम्ही फोटो काढा. हॉलच्या वायफायवर मात्र विसंबू नका.

उजेडयात्री
आणि हजारो फोटोंतून निवडणार कोण? एआय लावा. हललेले, डोळे मिटलेले आपोआप बाजूला.

अनुराधानगर
मी फोटोग्राफर नाही, वधूची आई आहे. अंतरपाटाआड माझी लेक मंगलाष्टकं संपेपर्यंत डोळे मिटून, हात जोडून उभी होती. तो एक फोटो आम्हाला मिळाला नाही. विचारलं तर म्हणाले, सॉफ्टवेअरने डोळे मिटलेले म्हणून बाद केले. हळदीचे फोटो आले तेही असे, की गालावरची हळद फिकट आणि पोर गोरीपान. आम्ही गोरी करून मागितली नव्हती.

उजेडयात्री
काकू, सॉफ्टवेअर फक्त खूण करतं, डिलीट करत नाही. सेटिंगही बदलता येतं.

अनुराधानगर
मग बाद केलेल्यांत कुणी एकदा नजर का टाकली नाही? पैसे त्या नजरेचेच दिले होते ना?

लेन्सवेडी
काकूंशी शंभर टक्के सहमत. हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने रंग आपोआप जुळवणं) ठेवूच नये, पिवळा रंग तोच खातो.

ग्वाल्हेरचे अण्णा
फिल्मवर छत्तीस फोटो असायचे, माणूस बटण दाबायच्या आधी बघायचा.

रामबागवाला
जेलरोड, दोन कार्डांचं पटलं, धाकटा भाऊ लॅपटॉपवर बसेल. काकू, मंगलाष्टकं, कन्यादान आणि पाठवणीचे फोटो मी स्वतः बघूनच निवडणार, हे पार्टीला लिहून देतो. त्याचे वेगळे पैसेही मागणार. पण सेल्फीवरून चेहरा शोधणारी सेवा कोणती घेऊ, हे अजून कुणी सांगितलंच नाही!

जेलरोड
पाहुणे किती? फोटो किती निघतील, किती महिने ऑनलाइन ठेवायचेत? दर त्यावर ठरतो. आणि पाहुण्यांचे चेहरे दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाणार, तेव्हा पार्टीची लेखी संमती आधी घ्या.