सगळ्यांना आधी शांतता आणि मग गाणं, माझा डेटा वाया गेला का?

घाबरलेली_पेन्सिल:
एमए सायकॉलॉजीचं शेवटचं वर्ष. डिसर्टेशनचा (प्रबंधाचा) विषय घेतलाय की शब्द असलेलं गाणं चालू असलं की पाठांतर कमी होतं का. प्रयोग साधाच, 20 शब्दांची यादी स्क्रीनवर, एकेक शब्द 2 सेकंद, मग आठवतील तेवढे कागदावर लिहायचे. आधी शांततेत, मग 5 मिनिटं ब्रेक, मग हेडफोन लावून गाण्यासोबत दुसरी यादी. 24 जण झाले आणि काल आकडे काढले तर गाण्यातच सरासरी जास्त!! मी आनंदाने गाईडना दाखवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, क्रम बदलला होतास का? नव्हता बदलला, सगळ्यांना तोच. आता एखादी टेस्ट लावून हे सावरता येईल का?

दोन_चल_एक_गोंधळ:
नाही येणार, आणि हे ऐकायला वाईट वाटतं हे माहितीये कारण मीही हेच करून बसलोय. तुझ्याकडे "गाणं" आणि "दुसरी वेळ" या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्यात, कुठलीही पेअर्ड टी-टेस्ट (त्याच माणसांचे दोन वेळचे स्कोअर ताडून बघणारी चाचणी) त्या सोडवू शकत नाही, ती फक्त फरक आहे एवढंच सांगेल, कशामुळे ते नाही. पहिल्या यादीला लोक गडबडलेले असतात, दुसऱ्या वेळी त्यांना युक्ती सापडलेली असते. माझ्याकडच्या एकीने दुसऱ्या यादीची सरळ गोष्टच रचली, हत्तीने कात्री उचलली वगैरे, पहिल्या वेळी बिचारी नुसती पुटपुटत होती.
आणि परिणाम एकाच दिशेने जातो असंही नाही हं. पहिल्या यादीतले शब्द दुसरीत घुसतात, माणूस दमतो, कंटाळतो, म्हणजे सराव वर ओढतो आणि हे खाली ओढतं, तुझ्या डेटात कोण किती जिंकलं ते कळायला मार्ग नाही.
अजून एक, गाण्याच्या वेळी यादीसुद्धा कायम तीच होती ना? मग तीन गोष्टी चिकटल्या. "कात्री" "हत्ती" असे डोळ्यासमोर येणारे शब्द "न्याय" "कल्पना" यांच्यापेक्षा सहज आठवतात, त्यामुळे यादी कुठली हेही बघावं लागतं.

सरळ_मुद्दा:
एवढी कटकट कशाला, दोन वेगळे गट करा, एकाला शांतता एकाला गाणं, यादी एकच. क्रमाचा प्रश्नच संपला.

दोन_चल_एक_गोंधळ:
संपतो, पण माणसं कुठून आणायची? मध्यम परिणाम (कोहेनचा डी, म्हणजे फरक किती मोठा ते सांगणारं माप, 0.5), 5% पातळी (नसलेला फरक दिसायची शक्यता) आणि 80% पॉवर (असलेला फरक सापडायची शक्यता) धरली तर दर गटात 64 म्हणजे एकूण 128 लागतात. तीच माणसं दोन्ही वेळा घेतली आणि दोन स्कोअरमधला कोरिलेशन (एक जास्त असला की दुसराही किती जास्त असतो ते) 0.5 च्या आसपास असला तर 34 मध्ये भागतं, कारण कुणाची मुळातच स्मरणशक्ती दांडगी असते तो फरक वजा होतो. एमएला 128 जण गोळा करून दाखवा.

जुना_प्रयोगवाला:
गट वेगळे केले की सगळं स्वच्छ, असंही समजू नका. बर्नबॉम या मानसशास्त्रज्ञाचा 1999 चा प्रयोग बघा, एका गटाला विचारलं 9 हा आकडा किती मोठा, दुसऱ्याला 221 किती मोठा, आणि 9 ला सरासरी जास्त मोठं ठरवलं लोकांनी! कारण 9 म्हटल्यावर डोक्यात एक आकडी संख्या येतात, 221 म्हटल्यावर तीन आकडी, प्रत्येक गटाची मोजपट्टीच वेगळी. शब्द मोजताना हा धोका कमी, "किती डिस्टर्ब वाटलं" असा प्रश्न ठेवलास तर मात्र लक्षात ठेव.

घाबरलेली_पेन्सिल:
मग मी अजून 24 जण उलट्या क्रमाने घेतले तर? दोन्ही मिळून बॅलन्स होईल ना?

जुना_प्रयोगवाला:
कागदावर होईल. पण पहिले 24 कोण होते? बहुतेक वर्गातले, ओळखीचे, तुला मदत करायला आलेले. पुढचे 24 वेगळे, दिवस वेगळे, आणि आता तुलाही सूचना द्यायचा सराव झालाय. क्रम कुणाला कुठला हे चिठ्ठीने ठरायला हवं, कोण आधी आलं त्यावर नाही. पहिले 24 पायलट (आधीची चाचणी फेरी) म्हणून स्वच्छ लिहून टाक, लपवू नकोस, आणि नवीन माणसं घे.
विश्लेषणात क्रम हा घटक म्हणून टाक. शांतता आधी घेणाऱ्यांत फरक एक आणि गाणं आधी घेणाऱ्यांत भलताच निघाला तर सरासरीत तो लपेल, तेव्हा फक्त पहिल्या फेरीचे आकडे घेऊन दोन गटांची तुलना करायची, पॉवर जाते पण निदान खोटं बोलत नाही.

घाबरलेली_पेन्सिल:
ओके रडून झालं. 2 क्रम आणि 2 याद्या म्हणजे 4 प्रकार, प्रत्येकाच्या 10 चिठ्ठ्या, 40 जण. आज रात्री करते.

दोन_चल_एक_गोंधळ:
चिठ्ठ्या बंद पाकिटात घाल आणि माणूस समोर बसल्यावरच फोड. उघड्या ठेवल्यास की "ही हुशार दिसते, हिला गाणं आधी देऊ" असं होतं, माझं झालंय.