मदत हवी आहे: आजोबांची दुनळी पावसाळ्यात गंजतेय

नमस्कार मंडळी,

घरात आजोबांची बाराबोअर दुनळी बंदूक आहे. बर्मिंगहॅमची, बाहेर घोडे असलेली, नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी. परवाना रीतसर वडिलांच्या नावावर झालाय, तेव्हा तो सल्ला कृपया वाचवा. शिकारही करायची नाही, 1972 चा वन्यजीव कायदा माहीत आहे.

आजोबा निफाडकडचे. तो कायदा येण्याआधी नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यावर बदकं मारायला जायचे. अवकाळीचं आभाळ असलं की हमखास, कारण ढग उतरले की थापट्या आणि तलवार बदकं खालून जातात, असं त्यांचं म्हणणं. बंदूक भिजायचीच. घरी आल्यावर ते किटलीतलं उकळतं पाणी सरळ नळ्यांत ओतायचे, मग गजाला फडकं बांधून पुसायचे आणि शिलाई मशीनचं तेल लावायचे. वडिलांनी हे लहानपणी पाहिलंय.

बंदूक जुन्या चामडी पेटीत असते. यंदा नळ्यांवर तांबूस ठिपके आलेत. (आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्यामुळे नवल नाही.) एक वर्कशॉपवाला म्हणतो, पॉलिश पेपर मारून नव्याने काळी करून देतो. हो म्हणू का? ते उकळतं पाणी उपयोगाचं होतं, की त्यानेच गंज धरला? नळ्यांखाली 'नॉट फॉर बॉल' कोरलंय, ते काय? डब्यात फुगलेली कागदी काडतुसं आहेत, त्यांचं काय करू? आणि वडिलांची हौस म्हणजे त्याच बंधाऱ्यावर बंदुकीसह एक फोटो.

— गंगापूर रोडकर

जुना नेमबाज:
पॉलिश पेपर अजिबात नको! ती दमास्कस नळी आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली. तिचा तपकिरी रंग म्हणजे मुद्दाम चढवलेला गंजच असतो; घासलात की नक्षी गेली. काळं करायच्या उकळत्या द्रावणाने दोन नळ्यांना जोडणारा कथील-शिशाचा सांधा सुटू शकतो. ठिपक्यांवर पातळ तेल लावून ठेवा, दुसऱ्या दिवशी सुती फडक्याने पुसा. हट्टी डाग असतील तर परवानाधारक बंदूक कारागीर गाठा.

आजोबांचं मात्र बरोबर होतं. काळ्या दारूची (जुन्या काळच्या बंदुकीच्या दारूची) राख आणि काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या जुन्या टोप्यांतल्या रसायनाचा क्षार नळीत उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. पाणी उकळतं असलं की नळी तापते आणि आपोआप कोरडी होते. खोबरेल वापरलं नाही हेही उत्तम, थंडीत ते गोठून बसतं. आता बार काढत नसाल तर पाण्याची गरज नाही. चामडी पेटी ओल धरते, तिच्यातून बंदूक आजच बाहेर काढा आणि कुलूपबंद कोरड्या कपाटात ठेवा. हाताळल्यावर पुसा, घामाच्या बोटांचे ठसेही गंजतात.

'नॉट फॉर बॉल' म्हणजे तोंडाशी नळी आवळलेली आहे, छर्रेच मारा, गोळी नको. हा शिक्का 1875 ते 1887 दरम्यानचा, म्हणजे बंदूक काळ्या दारूच्या काळातली. आजची काडतुसं तिच्यात घालू नका, बसली तरी. जुन्या बंदुकांचं काडतूस बसायचं घर बहुतेकदा अडीच इंची, आजचं काडतूस पावणेतीन इंची. दाब वाढतो आणि हातात नळी फुटू शकते.

काडतुसं उन्हात वाळवू नका, फोडू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विचारून जमा करा.

पाणथळ:
फोटो विसरा. नांदूरमधमेश्वर 1986 पासून अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वन्यजीव कायद्याच्या कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र आत नेता येत नाही, बंदूक रिकामी असली तरी. वडिलांना थंडीत तिथल्याच चापडगावला पक्षी बघायला न्या, दुर्बीण द्या. थापट्या तिथेच आहेत.

गंगापूर रोडकर:
आभारी आहे. वर्कशॉपवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. वडील फोटोवरून जरा रुसलेत, पण दुर्बिणीचं नाव काढल्यावर नरमले. शेवटचं एक: दस्त्याला जवसाचं तेल कच्चं लावू की उकळलेलं?

जुना नेमबाज:
उकळलेलं, म्हणजे बाजारात त्या नावाने तयार मिळतं ते. कच्चं दमट हवेत लवकर वाळत नाही, चिकट राहतं. चार थेंब तळहातावर घेऊन चोळा, जास्तीचं पुसून टाका. आणि ते फडकं बोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतं. दोरीवर पसरून वाळवा.