डेडलिफ्टला 110 च्या पुढे रॉड हातातून सुटतो, ग्रिप कुठली धरू?

डोंबिवलीकर_31
मंडळी, वजन 74, जिमला जाऊन दीड वर्ष झालं. डेडलिफ्टला (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहायचं) 100 किलोचे पाच रेप, म्हणजे सलग पाच वेळा, आरामात निघतात पण 110 लावले की तिसऱ्या रेपलाच उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उघडायला लागतं आणि रॉड सरकत सरकत बोटांच्या टोकावर येतो, पाय-पाठ अजून दमलेले पण नसतात. आमचा एक ट्रेनर म्हणतो एक हात उलटा धर, दुसरा म्हणतो उलट्या हाताने दंडाची नस तुटते, स्ट्रॅप (मनगट रॉडला बांधायचे पट्टे) बांध, आणि स्ट्रॅप बांधले की पहिला हसतो. सध्या दोन्ही हात वरून धरतो, ग्लोव्हज घालतो, घाम फार येतो म्हणून पावडर पण लावतो. स्पर्धेबिर्धेत उतरायचं नाहीये, फक्त हाताला कायमचं काही होऊ नये.

लोखंडी_पाव
पावडर कुठली? चॉक की अंगाला लावायची?

डोंबिवलीकर_31
घरातलीच, अंगाला लावायची 😅 जिममध्ये चॉक चालत नाही, काळ्या मॅटवर पांढरे डाग पडतात म्हणून मालक ओरडतो.

लोखंडी_पाव
अरे भावा कॅरमवर पावडर कशासाठी टाकतो आपण? सोंगटी पळावी म्हणून ना? मग तीच हाताला लावून रॉड पकडायला जातोयस 😂 पॉवरलिफ्टिंगवाले ती पावडर मांडीला लावतात, रॉड वर येताना कातडीला अडू नये म्हणून, आणि हाताला मात्र चॉक. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते घाम शोषतं. मालक ओरडत असेल तर लिक्विड चॉक घे, त्यात अल्कोहोल असतं, चोळलं की अर्ध्या मिनिटात सुकतं आणि मॅटवर फारसं सांडत नाही. आणि ग्लोव्हज आजच्या आज काढ, कापडामुळे रॉड अजून जाड होतो आणि कापड हातात फिरतं ते वेगळंच. ग्रिप कुठली हा प्रश्न त्यानंतरचा.

रत्नांग्रीचा_घाम
वरच्याशी सहमत, त्यात एक भर. रॉड तळहाताच्या मधोमध धरत असशील बघ, बरेच जण तसंच करतात. वजन उचललं की तो आपोआप खाली बोटांच्या मुळाशी सरकतो, सरकताना कातडी चिमटते, घट्टे तिथेच फाटतात आणि पकड पण सुटते. पहिल्यापासूनच बोटांच्या मुळाशी, घट्टे येतात त्या रेषेच्या जरा खाली धर आणि करंगळी आधी घट्ट कर मग बाकीची बोटं.
आणि जिमचा रॉड मोजून बघ. त्याला दोरा गुंडाळ, एक वेढा साधारण 88 मिमी भरला तर रॉड 28 मिमीचा, म्हणजे नेहमीचा ऑलिम्पिक रॉड, 100 च्या आसपास भरला तर 32 चा. ऐकायला चार मिमी, पण हाताला चांगलंच कळतं. त्यात खरखर झिजून गुळगुळीत झाली असेल तर दोष तुझ्या हाताचा नाही.

मधल्या_आळीतली
मिक्स ग्रिपबद्दल, म्हणजे एक हात वरून आणि एक उलटा, कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते. रॉड ज्या दिशेला घरंगळून बोटं उघडतो ती दिशा दोन हातात उलटी होते म्हणून तो अडकतो, एवढं साधं आहे ते. नस तुटण्याची भीती अगदीच खोटी नाही, पण तुटते ती नस नव्हे, बायसेपचा कंडरा, म्हणजे दंडाचा स्नायू हाडाला जोडणारी दोरी, कोपराच्या घडीपाशी, आणि बहुतेक वेळा उलट्या धरलेल्या हाताचाच. आमच्या जिममध्ये एकाचं झालेलं मी बघितलंय, शेवटच्या रेपला कोपर वाकवून ओढायला गेला, ओली काडी मोडावी तसा आवाज आला आणि दंडाचा गोळा वर खांद्याकडे सरकला. ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा उलटा हात अगदी सरळ, हात म्हणजे नुसती दोरी समजायची, ओढायचं काम पायांचं. दर सेटला हात बदलायचा आणि वॉर्मअपचे सगळे सेट दोन्ही हात वरून. कोपराला आधीपासून दुखत असेल तर या भानगडीत पडूच नका.
मी स्वतः हुक ग्रिप धरते, अंगठा रॉडला लावून त्यावर पहिली दोन बोटं. वेटलिफ्टिंगवाले हीच धरतात. सुरुवातीला अंगठा असा दुखतो की चहाचा कप धरवत नाही, पण हलक्या वजनाने सुरू करून अंगठ्याला टेप लावला की महिनाभरात सवय होते. माझे हात लहान आहेत तरी जमलं.

लोखंडी_पाव
ताई हुक ग्रिप भारीच, पण त्याला स्पर्धेत उतरायचंच नाही तर अंगठ्याचे हाल कशाला? पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत म्हणून ते लोक मिक्स नाहीतर हुक धरतात. स्ट्राँगमॅनच्या स्पर्धांमध्ये चालतात, त्यातल्याच एडी हॉलने 2016 ला डेडलिफ्टला 500 किलो उचलले ते स्ट्रॅप बांधूनच, त्याला कोण हसलं? माझं मत, 100 पर्यंत उघड्या हाताने, शेवटचे एक-दोन जड सेट स्ट्रॅपने, आणि उघड्या हाताच्या शेवटच्या सेटला वर उभा राहून रॉड 10-15 सेकंद धरून ठेवायचा. पहिल्या सेटपासून स्ट्रॅप बांधलेस तर पकड आहे तिथेच राहील.

मधल्या_आळीतली
ते मान्य. स्ट्रॅप मला स्वतःला आवडत नाहीत एवढंच.

डोंबिवलीकर_31
अपडेट. दहा दिवस झाले. ग्लोव्हज आणि पावडर बंद, लिक्विड चॉक आणलं. दोरा लावला तर सव्वादहा सेंटिमीटर भरला, म्हणजे 32 च्याही वर! कोपऱ्यात दुसरा एक बारीक रॉड पडलेला होता, त्याच्यावर काल 110 चे पाच निघाले, दोन्ही हात वरून, करंगळी जागच्या जागी. 120 ला पाचवा सुटला, तिथे आता स्ट्रॅप बांधतो. उलट्या हाताचं सध्या राहू दे, डाव्या कोपरात क्रिकेटपासून जरा कुरकुर आहेच.
मालकाला लिक्विड चॉकचा वास आला, म्हणाला सॅनिटायझर एवढं का लावतोस. मी हो म्हटलं.