स्वस्त पेनड्राइव्हमुळे अख्खी मशीन अडते. लिनक्समध्ये डर्टी बाइट्स (डिस्कवर लिहायचा बाकी असलेला डेटा मेमरीत किती साठू द्यायचा ती मर्यादा) किती ठेवू?

रामबागवाला
इंदूरला लग्नाच्या व्हिडिओचं काम करतो. उबुंटू, ३२ जीबी रॅम, एडिटिंग साटा एसएसडीवर. पेनड्राइव्ह पार्टीच (गिऱ्हाईकच) आणते, आणि आणते ती बाजारातली सगळ्यात स्वस्त: लिहायचा वेग सेकंदाला जेमतेम १० एमबी. ४ जीबीची फाइल टाकली की बार लगेच १०० टक्के, पार्टी हात पुढे करते, आणि इजेक्ट व्हायला सात मिनिटं! १२ जीबीचा फोल्डर असेल तर एसएसडीवरचं सेव्हसुद्धा अडखळतं.

एकाने सांगितलं म्हणून डर्टी बाइट्स १६ एमबी केले. आता बार खरं बोलतो, पण एसएसडीवर एक्सपोर्टचा आलेख करवतीसारखा दातेरी. नुसता आकडा नको, असं का होतं ते सांगा.

टर्मिनलभाऊ
पेनड्राइव्ह सिंक ऑप्शन (मेमरीत न साठवता लगेच लिहायला लावणारा) लावून माउंट करा, विषय संपला.

कर्नल_वाचक
भाऊ, फॅट फाइलसिस्टिमवर सिंक लावलं की फाइलचा तक्ता पुन्हा पुन्हा लिहिला जातो. वेग आणखी मरतो, फ्लॅश झिजते ती वेगळीच.

रामबागवाले, मुळात कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, डीफॉल्ट असं आहे: मोकळ्या होऊ शकणाऱ्या मेमरीच्या १० टक्के डर्टी झाली की मागे लिहिणं सुरू, २० टक्के ही हद्द. या दोन्हींच्या मध्यापर्यंत, म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत, लिहिणाऱ्या प्रोग्रामला कोणी अडवत नाही. तुमच्याकडे ते ४ जीबीच्या वर जातं. फाइल मेमरीत मावली, बार संपला.

त्यापुढे कर्नल प्रोग्रामला थोडं थोडं झोपवतो, एका वेळी फार तर २०० मिलिसेकंद. ३.२ आवृत्तीच्या आधी अडवलेल्या प्रोग्रामलाच डिस्कवर लिहायला जुंपत. ते वू फेंगग्वांग यांच्या पॅचेसनी बदललं. आता १५ आणि २० च्या मध्यावर लक्ष्य धरलेलं असतं. डर्टी पेजेस (मेमरीतले अजून न लिहिलेले तुकडे) लक्ष्याजवळ असतील तर वेगाला जेमतेम धक्का, हद्दीजवळ गेली तर जोरात लगाम. त्यासाठी घनाचं सूत्र वापरलंय, म्हणून मध्ये वक्र सपाट आणि टोकांना तीव्र. सरळ रेषेत तेवढा जोर लावला असता तर मोजणीतल्या प्रत्येक चढउतारावर वेग हेलकावत राहिला असता.

आता तुमचे १६ एमबी. बॅकग्राउंडची, म्हणजे मागे लिहिणं सुरू व्हायची, मर्यादा आपोआप निम्मी, ८. मोकळीक १२ पर्यंत, लक्ष्य १४. म्हणजे दोन्हीकडे जागा फक्त २ एमबी. सेकंदाला ५०० एमबी लिहिणारी एसएसडी ती ४ मिलिसेकंदांत फस्त करते, आणि कर्नल डिस्कचा वेग मोजतो २०० मिलिसेकंदांच्या अंतराने. खबर पोचेपर्यंत डिस्क रिकामी बसलेली! सूत्र चांगलंच आहे, तुम्ही त्याला हलायला जागाच ठेवली नाही.

रामबागवाला
म्हणजे लगाम फक्त पेनड्राइव्हला हवा. तिचा मॅक्स रेशो (एकूण हद्दीतला एका डिस्कचा कमाल टक्का) १ केला तर?

कर्नल_वाचक
नुसत्या त्याने काही होत नाही. एकूण डर्टी १५ टक्क्यांखाली असेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघतही नाही. नव्या कर्नलमध्ये मॅक्स रेशोच्याच फोल्डरात स्ट्रिक्ट लिमिट (डिस्कची मर्यादा कायम पाळायला लावणारी सेटिंग) आहे, तेही १ करा. मग पेनड्राइव्हला एकूण हद्दीच्या १ टक्का, म्हणजे पन्नास-साठ एमबी. तुमच्या १० एमबीच्या वेगाला पाच-सहा सेकंदांचा साठा, भरपूर झाला. डर्टी बाइट्स मात्र काढा आणि डर्टी रेशो (एकूण हद्द) परत २० करा.

रामबागवाला
केलं. एक्सपोर्ट सरळ चाललाय. पण पेनड्राइव्ह काढून लावली की सेटिंग गायब.

टर्मिनलभाऊ
यूडेव्हचा (उपकरण लागलं की ठरलेलं काम करणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम लिहा, यूएसबी डिस्क लागली की दोन्ही आकडे आपोआप बसतील. माझा चालू नियम रात्री इथेच टाकतो.