अँड्र्यू गेझचे 18,908 गुण: खेळाडूचे किती, पद्धतीचे किती?

(एक चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

हिशेबनीस

ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलचा, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय बास्केटबॉल लीगचा, विषय निघाला की अँड्र्यू गेझचं नाव येतं आणि चर्चा तिथेच मिटते. 1984 ते 2005, बावीस मोसम, लीगमध्ये संघ एकच: मेलबर्न टायगर्स. 612 सामने, 18,908 गुण, सरासरी 30.9. सात वेळा सर्वोत्तम खेळाडू, चौदा वेळा मोसमात सर्वाधिक गुण. सर्वोत्तम खेळाडूच्या करंडकाला आता त्याचंच नाव आहे.

त्याच्या चिकाटीबद्दल मला शंका नाही. पण हे गुण जसेच्या तसे धरायला माझा विरोध आहे. एनबीएलचा सामना त्याच्या जवळजवळ सगळ्या कारकिर्दीत 48 मिनिटांचा होता, 2009-10 पासून तो 40 मिनिटांचा झाला. 30.9 ला 40/48 ने गुणा, 25.8 येतात. उत्तमच आकडा, पण ‘तीस’ म्हटल्यावर जो दबदबा वाटतो तो उरत नाही. दुसरं, प्रशिक्षक त्याचे वडील, लिंडसे गेझ. अँड्र्यू निवृत्त झाला तोवर टायगर्सची सूत्रं त्यांच्याच हाती होती. आक्रमणाची रचना अशी की चेंडू फिरूनफिरून मुलाच्या हाती यावा. आणि विजेतेपदं? 1987 मध्ये त्याची सरासरी 44.1 होती, करंडक नाही. लॅनर्ड कोपलंड 1992 ला संघात आला, मार्क ब्रॅडट्की 1993 ला आला, तेव्हा कुठे 1993 चं विजेतेपद आणि मग 1997 चं. बावीस मोसमांत दोन. पर्थच्या रिकी ग्रेसकडे चार आहेत.

रेषेबाहेरून

मिनिटांचा हिशेब एकतर्फी लावलाय. 48 मिनिटं फक्त गेझला मिळत नव्हती. ज्या मोसमात तो पहिला आला त्या मोसमात बाकीचेही तेवढ्याच वेळात गुण करत होते. कसोटीची सरासरी आणि वीस षटकांची सरासरी आपण एका तागडीत तोलत नाही, त्या-त्या काळातल्या इतरांपेक्षा फलंदाज किती पुढे होता ते बघतो. इथे उत्तर आहे चौदा वेळा.

आणि शर्यत कुणाशी होती? बहुतेक काळ प्रत्येक संघात दोन परदेशी खेळाडू, तेही बहुधा अमेरिकी आणि मुख्यतः गुण करण्यासाठीच आणलेले. स्थानिक खेळाडूने त्या गर्दीत चौदा वेळा वर राहणं याला 40/48 चा भाग कसा लावणार?

1987 चंच घ्या. 44.1 सरासरी असूनही त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू तो ठरला नाही. पहिला पुरस्कार 1991 ला मिळाला, मग 1992, आणि 1994 ते 1998 सलग पाच. म्हणजे वयाच्या 26 ते 33 या वर्षांत, संघ बळकट होत गेला तसे. पुरस्कार देणारे नुसते गुण मोजत नव्हते.

हायपोस्ट

‘चेंडू फिरूनफिरून मुलाच्या हाती यावा’ या वाक्याला माझा आक्षेप आहे. टायगर्सची पद्धत म्हणजे शफल. मूळ अमेरिकेतली, ओक्लाहोमाच्या ब्रूस ड्रेक यांची. तिच्यात चेंडू कुणा एकाकडे जायचं ठरलेलं नसतं.

एक फेरी अशी चालते. चेंडू एका बाजूच्या विंगकडून (कडेचा खेळाडू) वरच्या गार्डकडे (बास्केटपासून लांब राहून चेंडू खेळवणारा), तिथून दुसऱ्या बाजूला. हायपोस्टचा खेळाडू फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर पाय रोवून उभा. चेंडू पलीकडे पोहोचला की लांबच्या बाजूचा खेळाडू त्याच्या खांद्याला खांदा घासत बास्केटकडे कापत जातो. पास मिळाला तर सोपी ले-अप, म्हणजे बास्केटला लागूनच शॉट. नाही मिळाला तर पास देऊन मोकळा झालेला गार्ड खाली उतरून हायपोस्टवाल्यासाठी स्क्रीन लावतो, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो, आणि हायपोस्टवाला वर येऊन शॉट घेतो. तेवढ्यात सगळ्यांच्या जागा बदललेल्या असतात. तीच मांडणी उलट्या बाजूला तयार, पुन्हा तेच.

बिघडतं कुठे? कापणारा अर्धा सेकंद आधी निघाला तर पास येईस्तोवर तो बास्केटखालून पलीकडे गेलेला असतो. स्क्रीन आणि खांद्यात हातभर फट राहिली तर बचाव करणारा त्यातून निसटतो. समोरच्या संघाने वरच्या गार्डकडे जाणारा पासच अडवून धरला तर पूर्ण चक्र थांबतं, तेव्हा गार्डने मागच्या मागे बास्केटकडे पळायला हवं. पाचही जण सगळ्या जागांवरून फिरतात, त्यामुळे उंच खेळाडू बास्केटपासून लांब जातो आणि रिबाउंड (हुकून परत आलेले चेंडू) हातचे जातात. ब्रॅडट्की म्हणूनच मोलाचा होता, 2.08 मीटर उंच आणि रिबाउंडसाठी लीगभर नावाजलेला.

अशा पद्धतीत दर सामन्याला तीस गुण कोण करू शकतो? जो स्क्रीनपाशी पोहोचायच्या आधीच बचाव वाचतो तो. बचाव करणारा पाठीमागे लागला तर स्क्रीनला वळसा घालून आत जायचं. तो स्क्रीनच्या खालून सुटला तर एक पाऊल मागे सरकून तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारायचं (आंतरराष्ट्रीय रेषा तेव्हा 6.25 मीटरवर होती). तो आधीच वरच्या बाजूला झुकला तर मागून बास्केटकडे. गेझची उंची 2.01 मीटर, उडी आणि वेग बेताचे. चेंडू हातात पडायच्या आधी पाय बास्केटकडे वळलेले आणि गुडघे वाकलेले, हेच त्याचं भांडवल होतं. या गोष्टी पस्तिशीत झिजत नाहीत. बावीस मोसम टिकण्याचं कारण मला तरी यातच दिसतं.

हिशेबनीस

शफल छान उलगडून सांगितलीत. पण त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. त्या पद्धतीबाहेर काढून गेझकडे बघायचं असेल तर ऑलिंपिक आहे. पाच ऑलिंपिक, 40 सामने, 789 गुण, म्हणजे सामन्यामागे 19.7. तिथे सामना 40 मिनिटांचाच होता, त्यामुळे तुलना सरळ आहे. लीगमधले 25.8 आणि ऑलिंपिकमधले 19.7. हा सहा गुणांचा फरक पद्धतीचा नाही तर कशाचा?

मेलबर्नकर

समोरच्या संघाचा! लीगमध्ये आठवड्याला भेटणारा संघ आणि ऑलिंपिकमधले सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, लिथुआनिया, अमेरिका यांना एकाच पातळीवर कसं ठेवता? सेऊलच्या कांस्यपदकाच्या लढतीत अमेरिकेने अख्ख्या ऑस्ट्रेलियाला 49 गुणांवर रोखलं होतं. अशा बचावांपुढेही 789. ऑलिंपिक बास्केटबॉलमध्ये पुरुषांत यापेक्षा जास्त गुण फक्त ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटचे आहेत.

वडिलांचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. अँड्र्यूच्या पाच ऑलिंपिकपैकी लिंडसे फक्त 1984 च्या लॉस एंजेलिसला राष्ट्रीय प्रशिक्षक होते. 1988 आणि 1992 ला एड्रियन हर्ली, 1996 आणि 2000 ला बॅरी बार्न्स. या दोघांनीही पहिल्या पाचात त्याला ठेवलं.

आणि ते वर्षाचं वेळापत्रक बघा. 1998 पर्यंत एनबीएल ऑस्ट्रेलियन हिवाळ्यात, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर खेळली जायची. युरोपचा मोसम तिच्या उलट. त्यामुळे मोकळ्या महिन्यांत तो 1991-92 ला इटलीत उदिनेकडून आणि 1994-95 ला ग्रीसमध्ये अपोलॉन पात्रासकडून खेळला. 1988-89 चा मोसम अमेरिकेत सेटन हॉल विद्यापीठाकडून. तिथे विद्यापीठांच्या स्पर्धेचा अंतिम सामना जादा वेळेत मिशिगनकडून 79-80 असा एका गुणाने गेला. लीगमधला प्रवासही हलका नव्हे, मेलबर्न ते पर्थ सरळ अंतरच सुमारे 2,700 किलोमीटर. 612 हा आकडा लिहिताना त्याच्या अवतीभवतीचं हे बास्केटबॉल मोजलेलंच नाही.

दुसरा पास

दोन्ही बाजू गुणांवरच अडकल्या आहेत, म्हणून थोडं दुसरीकडे नेतो. गेझचा बचाव. बाजूला सरकण्यात तो संथ होता, आणि वेगवान गार्ड समोर आला की त्याला झाकायला दुसऱ्या कुणाला तरी सरकावं लागायचं. एक जण मदतीला गेला की कोपऱ्यातला नेमबाज मोकळा होतो. ही किंमत गुणतक्त्यात दिसत नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये त्याला वॉशिंग्टनकडून 7 आणि सॅन अँटोनियोकडून 19 सामने मिळाले, त्यामागे हे एक मोठं कारण होतं असं मी मानतो. 1999 ची विजेतेपदाची अंगठी त्याच्याकडे आहे, पण त्या संघात त्याचं काम राखीव नेमबाजाचं होतं.

सेऊल, अटलांटा, सिडनी: तीन वेळा चौथा क्रमांक. अटलांटात लिथुआनियाविरुद्ध 74-80, फक्त सहा गुण. शेवटच्या पाच मिनिटांत बचावाने सामना फिरवणारा खेळाडू त्या संघात नव्हता, आणि तो गेझही नव्हता.

रेषेबाहेरून

बचावाचं मान्य. चौथ्या क्रमांकाचं खापर मात्र त्याच्यावर फोडू नका. ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांना पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं टोकियोत, स्लोव्हेनियाला 107-93 हरवून, आणि त्यासाठी पॅटी मिल्सला 42 गुण करावे लागले. तोही बचावाने जिंकून दिलेला सामना नव्हता. शिवाय 1988 च्या आधी हा संघ उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचला नव्हता. तिथवर नेणाऱ्यांत गेझ होता, आणि 2000 ला सिडनीत देशाचा ध्वज त्याच्या हाती दिला गेला तो त्यामुळेच.

हिशेबनीस

चौदा वेळांचा मुद्दा मला खोडता येत नाही. त्या-त्या मोसमातल्या इतरांशी तुलना हे माझ्या भागाकारापेक्षा चांगलं माप आहे, ते मी घेतो. 1987 आणि 1991 चा फरकही माझ्या लक्षात आला नव्हता. 44 गुणांच्या वर्षी पुरस्कार नाही आणि साथीदार वाढल्यावर सलग पाच, हे माझ्या मांडणीच्या उलट जातं.

25.8 मात्र मागे घेत नाही. 2009 नंतरच्या खेळाडूंशी, म्हणजे ब्राइस कॉटनसारख्याशी, गेझची तुलना करताना 30.9 लिहिणं त्यांच्यावर अन्याय आहे. तिथे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्यावेत.

हायपोस्ट

तेवढं चालेल. फक्त 25.8 च्या शेजारी बावीस मोसमही लिहा.