पानशेत अर्धं रिकामं, तरी खडकवासल्यातून पाणी का सोडतात?

झेडपूलकर: काल संध्याकाळी मुठेच्या पात्रातला भिडे पूल पाण्याखाली. स्कूटर वळवून झेड पुलावर आलो, तर तिथे निम्मं पुणं मोबाइल उंचावून उभं. एक कणीसवाला तर कठड्याला गाडी लावून मजेत. घरी येऊन बघतो तर पानशेत 54 टक्के! वर धरण रिकामं आणि खाली नदीत पाणी सोडून देतात, हे काय लॉजिक? मार्चमध्ये परत टँकरला आम्हीच पैसे मोजायचे.

कालवाकाठ: पाटबंधाऱ्यात 31 वर्षं काढली, त्यातले कित्येक पावसाळे धरणावरच. आधी टक्के बघायचं सोडा, टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी) बघा. वरसगाव 12.82, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि खडकवासला फक्त 1.97. चौघांत धाकटं, आणि बसलंय सगळ्यांच्या खाली. मोसी, आंबी आणि मुठा, तिन्ही नद्यांचं पाणी शेवटी त्याच्याच दारात येतं.

आता गणित करा. 11,574 क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, दिवसभर पाणी आलं की 1 टीएमसी होतो. येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, 20 हजार क्युसेकचा असेल तर खडकवासला तळापासून भरायला सत्तावीस-अठ्ठावीस तास पुरतात. काल तर ते आधीच काठोकाठ होतं. वरची तिन्ही धरणं आपापलं पाणी धरून बसली, तरी त्यांच्या खालच्या डोंगरांवर पडलेला पाऊस कुठे जाईल? तो पानशेतमध्ये परत चढवायचा कसा? तुमच्या सोसायटीत खालच्या हौदातलं पाणी पंपाशिवाय गच्चीवर जातं का?

रात्री दोनला पट्टीवर टॉर्च मारून पातळी वाचायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा वाचायची. दोन्ही आकड्यांत चार बोटांचा फरक दिसला की चहा तसाच टाकून फोनकडे पळायचं. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवला तर पात्रातल्या लोकांना जनावरं आणि गाड्या हलवायला वेळ मिळतो. पाणी साठवण्याच्या हावेपायी दरवाजे उशिरा उघडले, तर तेच पाणी एकदम सोडावं लागतं.

नारायणपेठी: आमच्या आजीसमोर कुणी 'धरण भरू द्या की' म्हणालं की ती उठून आत जायची. 12 जुलै 1961. पानशेतचं काम अजून पुरतं झालेलं नव्हतं. ते मातीचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खालचं इंग्रजांच्या काळातलं खडकवासलाही फोडलं. ती एका हातात देवांचा डबा आणि दुसऱ्या हातात माझ्या काकाला धरून शनिवारवाड्याच्या दिशेने पळाली. परत आली तर माजघरात गुडघाभर चिखल, आणि नळाला थेंब नाही. घरभर पाणी फिरून गेलेलं, पण प्यायला वाड्यातली विहीर उपसून गाळायची.

भीमाथडी: इंदापूरहून लिहितोय. तुम्ही 'सोडून दिलेलं' पाणी मुळामुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्या उजनीत येतं, एवढं लक्षात असू द्या. उजनी एकूण 117 टीएमसी, पण त्यातला 63.66 मृतसाठा, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खालचं, तळाचं पाणी. त्याच्या खाली पाणी गेलं की पेपरात 'उणे 30 टक्के' छापून येतं आणि पुण्याचे पाहुणे विचारतात, धरणात उणे पाणी कसं असतं? तशा उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. आमचे आबा कोरड्या गाळावरून चालत जाऊन जुन्या घराची जागा दाखवायचे. नुसतं जोतं राहिलंय. पुण्यात भिडे पूल बुडाल्याची बातमी आली की आम्ही पाणी उपसायच्या मोटारींचे पाइप मागे घ्यायच्या तयारीला लागतो.

झेडपूलकर: काका, गणित पटलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, एवढं पाणी आहे तर आपल्याकडे दर दोन-तीन आठवड्यांनी गुरुवारी नळ बंद का असतो?

कालवाकाठ: त्याचा धरणाशी संबंध नाही. ती पंपांची आणि जलवाहिन्यांची दुरुस्ती. त्यासाठी वेगळा धागा काढा, आणि वहिनींना बुधवारी रात्रीच पिंप भरून ठेवायला सांगू नका, तुम्हीच भरा.